इंग्लंडच्या खेड्यातल्या पबमध्ये सहकुटुंब जावे कसे

मुलगा किंवा मुलगी लीड्सला, मँचेस्टरला नोकरीला असते आणि आई-बाबा उन्हाळ्यात दोन-तीन महिने राहायला येतात. यॉर्कचे कॅथीड्रल दाखवून होते, लेक डिस्ट्रिक्टमधली तळी दाखवून होतात, लंडनची एक फेरी होते. खेड्यातला पब तेवढा राहून जातो. "पबमध्ये काय न्यायचे त्यांना?" असे म्हणून तो विषय संपतो, कारण पब म्हटले की डोळ्यांसमोर कोरेगाव पार्क किंवा लोअर परळमधला अंधार आणि कानठळ्या बसवणारे संगीत येते. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातला, ज्याला डेल्स म्हणतात तिथला, गावपब तसा नसतो. रविवारी दुपारी एकच्या सुमारास आत जाऊन बघा. खिडकीपाशी आजी-आजोबा जेवत असतात, मधल्या टेबलावर पोरे रंगीत पेन्सिली घेऊन बसलेली असतात, शेकोटीसमोर एखादा ओला कुत्रा पाय पसरून पडलेला असतो आणि बारपाशी चिखलाच्या बुटांतला शेतकरी उभा असतो. सगळ्या वयाची माणसे एका छताखाली निवांत बसतात, आणि कोणी कोणाला उठवत नाही.

आणि तिथे एक पेय मिळते, जे दुकानात मिळत नाही आणि विमानाने कुठे जात नाही: कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर. इंग्लंडमध्ये खाण्यापिण्याचे जे जे मिळते, त्यात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. घरातल्या एकानेच ती चाखली आणि बाकीच्यांनी लिंबू-सोडा घेऊन नुसती जेवणे केली, तरी दुपार सगळ्यांची होते. पण ती चांगली व्हायला थोडी तयारी लागते. पुढची कृती त्यासाठी आहे.

आधी समजून घ्या: ही बिअर जिवंत असते

साधी लागर बिअर गाळून, बहुधा तापवून आणि वरून वायू भरून पबमध्ये येते. तिच्यातले यीस्ट गेलेले असते, म्हणून ती आठवडेच्या आठवडे तशीच राहते. कास्क एल मात्र यीस्ट जिवंत असतानाच पिंपात भरतात. पबच्या तळघरात ते पिंप आडवे ठेवले की आत उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा काम करू लागते आणि थोडासा वायू आपोआप तयार होतो. बाहेरून काही भरत नाहीत. तळघराचे तापमान 11 ते 13 अंश सेल्सिअस ठेवतात आणि बिअर हातपंपाने वर ओढतात. त्यामुळे ती बर्फासारखी गार नसते आणि नाकात झिणझिण्या आणत नाही. माल्टचा, म्हणजे मोड आलेल्या जवाचा, गोडवा आणि हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा जिभेवर वेगवेगळे कळतात ते त्यामुळेच.

पिंप तळघरात आल्याबरोबर विकायला काढता येत नाही. आधी ते स्थिर होऊ द्यायचे, वरच्या बुचात लाकडाची सच्छिद्र खुंटी ठोकून जादा वायू निघू द्यायचा, मग घट्ट खुंटी बसवायची, गाळ तळाशी बसेपर्यंत थांबायचे आणि चव घेऊन मगच तोटी जोडायची. हे सगळे पबवाला करतो. कारखान्याने अर्धी केलेली बिअर तळघरात पुरी होते म्हणा ना. म्हणून एकाच नावाची बिअर एका गावात सुरेख लागते आणि शेजारच्या गावात बेचव.

पिंप एकदा उघडले की बिअर जितकी बाहेर जाते तितकी हवा आत येते. आपल्याकडे नीरा जशी सकाळच्या सकाळी प्यायची असते, ऊन चढले की तिची ताडी होते, तसेच इथे आहे. फक्त इथली मुदत तासांची नसून दिवसांची असते. साधारण तीन दिवस. त्यानंतर बिअर बेचव होते आणि मग आंबट होत जाते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हे तीन दिवस लक्षात ठेवायचे आहेत.

1960 च्या दशकात मोठे कारखाने ही खटपट नको म्हणून कास्क एल बंद करत सुटले होते. 1971 मध्ये चार तरुणांनी तिच्यासाठी चळवळ उभी केली, तिचे नाव कॅम्पेन फॉर रिअल एल, लोकांच्या तोंडी 'कॅमरा'. ती चळवळ झाली नसती तर आज ही कृती लिहायला विषयच राहिला नसता.

पहिली पायरी: गाडी चालवायची कोणी, हे घरातच ठरवा

इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात 100 मिलीलीटरला 80 मिलीग्रॅम मद्यार्काची मर्यादा आहे; स्कॉटलंडमध्ये 2014 पासून ती 50 आहे. बिअरच्या एका मोठ्या पेल्याने, म्हणजे पाइंटने, ही मर्यादा गाठली जाते की नाही, याचा हिशोब वजन, पोट, वेळ यांवर बदलतो, म्हणून तो हिशोब करूच नये. चालवणाऱ्याने घ्यायची नाही. डेल्समधले रस्ते दोन्ही बाजूंनी दगडी गडग्यांचे आणि इतके अरुंद असतात की समोरून ट्रॅक्टर आला तर मागे जावे लागते.

त्यापेक्षा आगगाडी बरी. लीड्सहून निघणारी सेटल–कार्लाइल मार्गावरची गाडी स्किप्टन, सेटल करत रिबलहेडला जाते. तिथे 24 कमानींचा प्रसिद्ध दगडी पूल आहे आणि स्थानकातून उतरून चालत जाता येईल इतक्या जवळ पब आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर सेटल सोयीचे: गाव स्थानकाला लागूनच आहे आणि चढ कमी. डेंटचे स्थानक मात्र डेंट गावाजवळ नाही. गाव तिथून सहा-सात किलोमीटर खाली दरीत आहे. नावावर विसंबून तिथे उतरू नका. या मार्गावर गाड्यांमध्ये दोन-दोन तासांचे अंतर पडते, म्हणून परतीची गाडी जाताना बघून ठेवायची आणि जेवणाची वेळ तिच्यावरून ठरवायची.

दुसरी पायरी: पब निवडा

कॅमराची 'गुड बिअर गाइड' दरवर्षी निघते आणि त्यात स्थानिक सभासदांनी वर्षभर जाऊन चाखून निवडलेले पब असतात. दाराशी 'कास्क मार्क'ची पाटी असेल तर तपासनीस येऊन बिअरचे तापमान, रूप, वास आणि चव बघून गेले आहेत असे समजावे. 'फ्री हाउस' असे लिहिले असेल तर पबवाला कुठल्याही कारखान्याची बिअर आणू शकतो. नाहीतर पब एखाद्या कारखान्याशी किंवा कंपनीशी बांधलेला असतो. बांधलेला म्हणजे वाईट असे नाही. कारखाना जवळचा आणि चांगला असेल तर त्याच्या पबमध्ये त्याची बिअर उत्तमच मिळते.

या भागाचे भाग्य असे की चांगले कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. मॅसम नावाच्या छोट्या बाजारगावात थीकस्टनचा कारखाना 1827 पासून आहे. त्याच घराण्यातल्या पॉल थीकस्टन यांनी 1992 मध्ये त्याच गावात ब्लॅक शीप सुरू केला. कीथलीचा टिमथी टेलर 1858 चा. त्याची 'लँडलॉर्ड' ही बिअर कॅमराच्या स्पर्धेत देशातली सर्वोत्तम म्हणून चार वेळा निवडली गेली आहे. या तिघांपैकी एकाचे नाव पंपावर दिसले तर सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

तिसरी पायरी: फोन करा

ही पायरी लोक गाळतात आणि मग उपाशी परततात. गावपबचे स्वयंपाकघर दिवसभर चालू नसते. दुपारी बारा ते दोन-अडीच आणि संध्याकाळी सहा ते साडेआठ-नऊ, असा साधारण रिवाज. रविवारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचे जेवण, दुपारभर मिळते आणि संपले की संपले. सोमवारी, कुठे मंगळवारीही, जेवण नसते. बार उघडा, शेकोटी पेटलेली आणि खायला मात्र बटाट्याचे वेफर्स, असे सहज होऊ शकते.

फोनवर चार गोष्टी विचारा: टेबल राखून ठेवाल का, मुले चालतील का आणि किती वाजेपर्यंत, शाकाहारी काय आहे, आजी-आजोबांसाठी पायऱ्या नसलेली जागा आहे का. जुन्या इमारतींत दोन खोल्यांची जमीन एका पातळीत नसते आणि छताची तुळई डोक्याला लागेल इतकी खाली असते. हिवाळ्यात हवेचीही चौकशी करा. टॅन हिल हा ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब, 528 मीटरवर. नोव्हेंबर 2021 मध्ये आर्वेन वादळात तिथे साठाहून जास्त माणसे बर्फामुळे तीन रात्री अडकून पडली होती.

चौथी पायरी: आत शिरा आणि पंप मोजा

आत गेल्यावर कोणी 'या, बसा' म्हणायला येत नाही, म्हणून अवघडून दारात उभे राहू नका. टेबल राखलेले असेल तर बारवर नाव सांगा. नसेल तर ज्यावर 'रिझर्व्ह्ड' नाही असे टेबल धरा आणि आई-बाबांना बसवा. मग घरातल्या एकाने बारवर जायचे. इथे वेटर पेय विचारायला येत नाही. बारपुढे रांग दिसत नसली तरी ती असते: कोण आधी आले हे सगळ्यांना ठाऊक असते. हात हलवायचा नाही, नोट नाचवायची नाही. नजरानजर झाली की पुरे. आपला नंबर नसताना आपल्याला विचारले तर शेजारच्याकडे हात दाखवून "ही वॉज फर्स्ट" म्हणा. एवढ्याने पुढची सगळी दुपार गोड होते.

उभ्या उभ्या पंप मोजा. हे मी फार महत्त्वाचे मानते आणि त्यामागे साधे गणित आहे. पबमध्ये नेहमी येणारे पिंप फर्किन नावाचे, 9 गॅलनचे, म्हणजे 72 पाइंटांचे. तळाचा गाळ सोडला तर थोडे कमीच. ते तीन दिवसांत संपायला हवे, म्हणजे एका पंपावरून रोज बावीस-चोवीस पाइंट जायला हवेत. आता असा पब बघा. मंगळवारची दुपार, आत आठ माणसे आणि बारवर सहा पंप. दिवसाला एकशे तीसच्या वर पाइंट कोण पिणार? त्या सहांपैकी तीन-चार बिअर शिळ्या असणार, हे न चाखता सांगता येते. तेच छोट्या पबमध्ये दोन पंप आणि समोर पाच-सहा गावकरी एकच बिअर घेऊन बसलेले दिसले, तर डोळे मिटून तीच मागा. जास्त पंप म्हणजे चांगला पब असे नवख्याला वाटते; खेड्यात नेमके उलट असते.

पंपाच्या दांड्यावर पाटी असते, तिच्यावर बिअरचे नाव, कारखाना आणि मद्यार्काचे प्रमाण. पाटी उलटी फिरवली असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही. 'बिटर' म्हणजे तांबूस, माल्ट आणि कडवटपणा यांचा तोल राखणारी, साधारण साडेतीन ते साडेचार टक्क्यांची. इथली रोजची बिअर तीच. 'माइल्ड' गडद आणि मवाळ. 'गोल्डन' किंवा 'पेल' फिकट, हॉप्सचा वास जास्त. 'पोर्टर' आणि 'स्टाउट' भाजलेल्या माल्टमुळे काळ्या, कॉफीच्या अंगाने जाणाऱ्या. थीकस्टनची 'ओल्ड पिक्युलिअर' 5.6 टक्क्यांची, दाट आणि गोडसर. ती जेवणानंतर, अर्धा पाइंटच घ्यावी. 'आयपीए' म्हणजे इंडिया पेल एल, आणि त्यातला इंडिया आपलाच: अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनच्या कारखान्यातून आणि पुढे बर्टन गावातून जहाजांवर चढवलेली, भरपूर हॉप्सची बिअर मुंबई-कलकत्त्याला इंग्रजांसाठी येत असे. आताची गावपबमधली आयपीए पुष्कळदा त्याहून खूपच सौम्य असते.

पाचवी पायरी: विचारा, चाखा, मग मागा

बारवरच्या माणसाला विचारायचा प्रश्न एकच: "व्हॉट्स ड्रिंकिंग वेल टुडे?" सर्वांत चांगली कोणती असे विचारू नका, त्याला सगळ्याच चांगल्या म्हणाव्या लागतात. आज काय छान लागते आहे असे विचारले की तो खरे सांगतो. कालच उघडलेल्या पिंपाकडे बोट दाखवतो. शंका असेल तर घोटभर चाखायला मागा. छोट्या पेल्यात देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. गर्दी असताना मात्र चार-चार चवी मागून मागच्यांना ताटकळत ठेवू नये.

पाइंट 568 मिलीलीटरचा. पहिल्यांदा जाणाऱ्याने अर्धा पाइंट मागावा. त्यात कमीपणा काही नाही आणि अर्धा पाइंट देणे पबला कायद्यानेच बंधनकारक आहे. तीन वेगवेगळ्या बिअर बघायच्या असतील तर काही ठिकाणी एक तृतीयांश पाइंटचे तीन पेले लाकडी फळीवर मांडून देतात. चार टक्क्यांच्या एका पाइंटमध्ये मद्याचे सव्वादोन युनिट असतात आणि आठवड्याला चौदापेक्षा जास्त घेऊ नयेत असा ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे. दीड-दोन पाइंटांत दुपार उत्तम जाते.

आता दोन मिनिटे भरताना बघा. पेला किंचित तिरका, पंपाची नळी जवळजवळ तळाला टेकलेली. दांडा पुढे ओढला की तळघरातून बिअर येते ती दुधट, ढवळलेली दिसते. दोन-तीन लांब हिसक्यांत पेला भरतो. मग तो बारवर ठेवला की खालपासून वरपर्यंत हळूहळू रंग उजळत जातो, फेस वर चढतो आणि मिनिटभरात खाली मधासारखी पारदर्शक बिअर आणि वर दोन बोटे दाट साय उरते. यॉर्कशरमध्ये नळीच्या तोंडाला बारीक भोकांचे टोपण लावतात, त्याने फेस असा घट्ट होतो. दक्षिणेत ते लावत नाहीत, तिथे बिअर जवळजवळ सपाट दिसते. दोन्ही बरोबरच. फेसाने पेल्याची फार जागा खाल्ली असेल तर "कुड यू टॉप दॅट अप, प्लीज?" म्हणावे, लगेच भरून देतात.

एक गोष्ट शाकाहारी वाचकांसाठी. गाळ लवकर तळाशी बसावा म्हणून बहुतेक कास्क एलमध्ये आयसिंग्लास घालतात, आणि ते माशांच्या वायुपिशवीपासून करतात. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाच्या ज्या पिशवीला भोत म्हणतात आणि जिला एवढा भाव येतो, त्याच जातीची ही वस्तू. ते गाळासोबत तळाशी जाते, पण ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. पाटीवर 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' लिहिलेली बिअर मागा. ती किंचित गढूळ असू शकते. तो तिचा दोष नव्हे.

सहावी पायरी: बिघडली असेल तर परत करा

'अनफाइन्ड' सोडून इतर बिअर उजेडात धरली तर स्वच्छ दिसायला हवी. सिरक्यासारखा आंबट वास आला तर पिंपाचे दिवस भरलेत. लोण्याचा किंवा टॉफीचा वास अंगावर आला तर ती पुरती मुरलेली नाही. अगदी सपाट आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर शिळी. दुपारी दार उघडल्यावर पहिला पाइंट आपलाच असेल तर रात्रभर नळीत राहिलेली बिअर आपल्या पेल्यात आलेली असू शकते. चांगला पबवाला ती आधीच ओढून ओततो.

आपल्या लोकांना परत करायचा संकोच वाटतो. परक्या देशात तक्रार कशाला, म्हणून आंबट पाइंट गुपचूप संपवतात आणि इंग्लिश बिअर अशीच असते असा ग्रह करून घेतात. तसे करू नका. एक-दोन घोट घेऊनच, भरलेला पेला बारवर न्या आणि हळू आवाजात म्हणा, "सॉरी, आय थिंक धिस वन मे बी ऑन द टर्न." ज्याला आपल्या तळघराची काळजी आहे तो वास घेतो, न बोलता दुसरी देतो आणि पाटी उलटी करतो. तीन चतुर्थांश संपवून मग नेली तर मात्र कोणी ऐकणार नाही.

सातवी पायरी: जेवण मागवा

जेवणही बहुतेक ठिकाणी बारवरच सांगायचे, म्हणून टेबलाचा नंबर बघून जा. फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ आधी वाचा. छापील यादीपेक्षा ते त्या दिवशीचे असतात.

रविवार असेल तर रोस्ट: भाजलेले मांस, भाजलेले बटाटे, दोन-तीन भाज्या, ग्रेव्ही आणि यॉर्कशर पुडिंग. हे पुडिंग गोड नसते. अंडी, मैदा आणि दूध यांचे पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुलवतात. कडा कुरकुरीत, मध्ये खोलगट वाटी, त्या वाटीत ग्रेव्ही ओतून खायचे. मांस गोमांस, डुक्कर, मेंढी किंवा कोंबडी यांतले निवडता येते. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी मात्र नुसते "चिकन रोस्ट" म्हणून थांबू नये. बटाटे आणि पुडिंग गोमांसाच्या चरबीत केलेले असू शकतात आणि ग्रेव्ही सगळ्यांना एकच असू शकते. यॉर्कशरमध्ये मासे आणि चिप्ससुद्धा गोमांसाच्या चरबीत तळण्याची जुनी रीत आहे. त्या चरबीला 'बीफ ड्रिपिंग' म्हणतात. म्हणजे बटाट्याच्या चिप्स शाकाहारी असतीलच असे नाही. "आर द चिप्स डन इन व्हेजिटेबल ऑइल?" हा प्रश्न दरवेळी विचारा. उकडून केलेल्या काही पुडिंगांत 'सूएट' असते, तीही चरबीच. शाकाहारी प्रकार निराळे मिळतात, पण सांगावे लागते. अंडे, दूध, शेंगदाणे, तीळ असे अ‍ॅलर्जीचे 14 घटक विचारल्यावर सांगणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे हे प्रश्न तिथे कोणालाच विचित्र वाटत नाहीत. ते फाइल काढून दाखवतात.

शाकाहाऱ्यांसाठी माझी पसंती प्लाउमन्स लंचला: जाड पाव, चीजचा चांगला ढब्बू तुकडा, सिरक्यातला कांदा, चटणी, सफरचंदाची फोड. या भागात चीज वेन्स्लीडेलचे घ्यावे, ठिसूळ आणि मधाळ आंबटसर. बिटरच्या घोटाबरोबर ते फार सुंदर लागते. दूध गोठवायला शाकाहारी रेनेट वापरले आहे का ते विचारा. आई-बाबांना जेवण मिळमिळीत वाटेल ही भीती असेल तर इंग्लिश मस्टर्ड मागून घ्या, पण सुईच्या टोकाएवढी लावून बघा. ती नाकातून डोक्यात जाते. शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग: खजुराचा मऊ केक, वर गरम टॉफीचा रस. एक मागवून चार चमचे मागा.

जेवण येईपर्यंत मुले भुकेजतात. वेफर्सचे पाकीट घ्या आणि तिथले लोक करतात तसे करा: वरून न उघडता मधल्या शिवणीवरून उभे फाडायचे, चंदेरी बाजू वर करून टेबलाच्या मध्यावर पसरायचे, म्हणजे सगळ्यांचे हात पोचतात.

आठवी पायरी: मुले, आजी-आजोबा आणि न पिणारे

इंग्लंडमध्ये पबमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठे माणूस लागते. प्रत्येक पबचा आपला वेगळा नियमही असतो. बहुधा रात्री आठ-नऊनंतर मुले नकोत असे म्हणतात. मद्य विकत घ्यायला अठरा वर्षे पुरी हवीत आणि चेहरा पंचविशीच्या आतला दिसला तर ओळखपत्र मागतात, म्हणून विशी-पंचविशीतल्या भाच्याने ते जवळ ठेवावे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांनी घेऊन दिलेली बिअर किंवा वाइन टेबलावरच्या जेवणाबरोबर कायद्याने चालते. द्यायची की नाही हा आपापल्या घरचा प्रश्न.

ज्यांना घ्यायची नाही त्यांच्यासाठी लाइम अँड सोडा, जिंजर बिअर, एल्डरफ्लावर. मुलांना पाणी घातलेले ऑरेंज स्क्वॉश. आईला चहाच हवा असेल तर बहुतेक पब चहा करून देतात. नळाचे पिण्याचे पाणी फुकट देणे पबला बंधनकारक आहे, त्यामुळे जग मागायला संकोचू नका. घरचा डबा मात्र आत उघडायचा नाही. थेपला-चटणी बाहेर डोंगरात.

बाहेर बाग असेल तर मुलांना तिथे सोडा, पण गावकऱ्यांचे डार्ट्स चालू असतील तर त्या बाजूला नको. कुत्र्याला हात लावायच्या आधी मालकाला विचारायचे. तिथून गप्पा सुरू होतात, हेही खरे. इंग्रज माणूस स्वतःहून बोलायला येत नाही. कुत्रा, हवा किंवा पेल्यातली बिअर यांपैकी एकाबद्दल विचारले की तो अर्धा तास बोलतो. बाबांना शेतीत गम्य असेल तर बारवरच्या त्या शेतकऱ्याला मेंढ्यांबद्दल विचारू द्या, भाषांतर तुम्ही करा. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत चांगला अर्धा तास तोच.

चार मित्र एकत्र असाल तर राउंडची रीत पाळा: एकाने सगळ्यांची पेये आणायची, पुढच्या वेळी दुसऱ्याने. आपला पेला संपत आला की शेजाऱ्याला विचारायचे. बारवर बक्षिसी द्यायची पद्धत नाही. पबवाल्याने आपुलकीने सगळे केले असेल तर पैसे देताना "अँड वन फॉर युवरसेल्फ" म्हणावे. तो एका पेल्याचे पैसे त्यात धरतो आणि खूश होतो. जेवण टेबलावर वाढले असेल तर दहा टक्के ठेवावेत, बिलात आधीच लावले नसतील तर.

नववी पायरी: निघताना

रिकामे पेले आणि ताटल्या बारवर नेऊन ठेवा, "थँक्स, लव्हली पाइंट" म्हणा. संध्याकाळी गेला असाल तर घंटा वाजते ती शेवटच्या ऑर्डरची. त्यानंतर पेला संपवायला थोडा वेळ देतात, हाकलत नाहीत.

आवडलेली बिअर घरी न्यायची असेल तर काही पब प्लास्टिकच्या बरणीत भरून देतात. ती त्याच रात्री संपवायची, फ्रिजमध्ये उद्यासाठी ठेवायची नाही. भारतात न्यायला हिचा उपयोग नाही. त्यासाठी ज्या बाटलीवर 'बॉटल कंडिशन्ड' लिहिले असेल ती घ्या. तिच्यातले यीस्ट जिवंत असते आणि बिअर बाटलीतच पुरी होते. भारतात उतरताना माणशी दोन लीटर मद्य जकातीशिवाय आणता येते, म्हणजे 500 मिलीलीटरच्या चार बाटल्या. हातातल्या बॅगेत नाही, सामानाच्या बॅगेत, स्वेटरमध्ये गुंडाळून. घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. एक पूर्ण दिवस गार जागी उभी ठेवा म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग फ्रिजमध्ये तास-दीड तास, त्याहून जास्त नाही. एकाच संथ धारेत पेल्यात ओता, मध्ये बाटली सरळ करू नका, आणि गळ्यापाशी गढूळ दिसू लागले की ओतणे थांबवा.